दगडूभाऊंच्या जीपला नवा पत्रा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप धरतात. एक गंज आणि दुसरे किस्से. लोणावळ्याच्या दमट हवेत लोखंड उघडं ठेवलं की त्याला गंज चढतो, आणि आमच्या बाकड्यावर गिऱ्हाईक चहा घेऊन टेकलं की किस्सा! गंज मी ग्राइंडरनं काढते. किस्से काढायला कधी फुरसत झाली नाही, म्हणून त्यांचे थरावर थर साठलेत.

मी रेहाना. आमच्या अब्बांचं, म्हणजे युसूफभाईंचं, जुन्या हायवेलगत गॅरेज आहे आणि तिथलं वेल्डिंग मी करते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एक साहेब तर मी काच डोळ्यांवर ओढून, हातात होल्डर घेऊन उभी असताना मला विचारत होते, "ताई, मिस्त्री जेवायला गेलेत का?"

म्हटलं, "आत्ताच जेवून आलेत. बोला!"

आता त्यातल्या त्यात एकाच गाडीचे किस्से सांगते.

*

दगडूभाऊ आंदर मावळातले. भातशेती, दोन म्हशी आणि एक जुनी जीप. तिकडे एसटी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे गावातला आजारी माणूस, नवरी मुलगी आणि भाताची पोती, सगळं त्या जीपनंच खाली यायचं.

एका बाजाराच्या दिवशी भाऊ ती गाडी घेऊन आमच्याकडे आले.

"काय झालं गाडीला?" अब्बांनी विचारलं.

"गाडीला काय झालं न्हाई. खालचा पत्रा जरा ग्येलाय."

"जरा म्हणजे किती?"

"बशीएवढा."

अब्बांनी शेजारच्या सीटपुढचं मॅट उचललं. खाली गोणपाट. गोणपाट उचललं, तर खाली चक्क शहाबादी फरशी!

"भाऊ, गाडीत फरशी?"

"घरात चालती, मग गाडीत का न्हाई? पुसायला बी बरी पडती!"

आम्ही दोघांनी मिळून फरशी बाजूला केली, तर खाली थेट आमच्या गॅरेजची जमीन. मागच्या बाजूला तर आणखी मजा. पोत्यातून सांडलेलं भात, कुजलेलं गोणपाट आणि वरून ठिबकणारं पाणी. कोपऱ्यात वीतभर हिरवीगार रोपं आली होती.

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "घाई नको भाऊ. आधी कापणी होऊ द्या!"

*

पत्रा काही काल-परवा गेलेला नव्हता. ड्रायव्हरच्या पायापाशी एक भोक कधीपासूनच होतं, आणि भाऊंची त्याच्याबद्दल काही तक्रारही नव्हती. भाऊ तंबाखूचे शौकीन. चालत्या गाडीत डाव्या हातानं मॅटचा कोपरा उचलायचा, वाकायचं, भोकातून पिंक टाकायची आणि कोपरा सोडून द्यायचा. गाडी थांबत नाही, स्टिअरिंग हलत नाही. ही कला त्यांनी अब्बांना मोठ्या अभिमानानं करून दाखवली. तेही आमच्या झाडलेल्या जमिनीवर!

घोळ झाला तो दुसऱ्या बाजूला. भाऊंच्या शेजारी त्यांच्या घरच्या बसायच्या, हौसामावशी. एका उतारावर गाडी आदळली आणि मावशींचा पाय पत्र्यातून खाली गेला. पाय वाचला, पण चप्पल रस्त्यावर राहिली. भाऊंनी चप्पल शोधायला गाडी मागं घेतली आणि नेमकी तिच्यावरूनच घातली.

मावशी तिथंच खाली उतरल्या. "ह्या गाडीत आता मी बसायची न्हाई!"

मग भाऊंनी ती फरशी बसवली. मावशींनी ती वाकून बघितली आणि म्हणाल्या, "आता चूल बी मांडा, आन तुमीच ऱ्हावा तितं!"

इथपर्यंत आम्ही हसत होतो. पुढचं सांगताना मात्र भाऊंचा आवाज खाली आला. त्यांची लेक सुरेखा बाळंतपणाला माहेरी आलेली. आता तिला तान्ह्या मुलीसकट भाजे गावी, सासरी पोचवायचं होतं. "सुरेखा नवरी हून ह्याच गाडीतनं ग्येली. आता पोर घिऊन बी ह्याच गाडीतनं जाईल, आन तिची आय माझ्या शेजारी बसंल, असं मनात हाय. पन ती म्हंती, मी पोरीला आन नातीला टेंपोनं नेती. तुमी या मागनं मोकळी गाडी घिऊन."

अब्बा त्या दिवसांत जुन्या गाडीचं पत्र्याचं काम घेत नव्हते. गुडघे दुखतात, झोपून काम होत नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "रेहाना, वेल्डिंगचा गॅस भरून घे."

*

गंजलेल्या पत्र्याचं एक आहे. वरून दिसतो तेवढा तो कधीच नसतो. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरत जायचं, आणि जिथं ठण्ण आवाज येईल तिथं चांगलं लोखंड लागलं असं समजायचं. आम्ही टोकरत गेलो आणि ठण्ण काही येईना.

भाऊ दर बाजाराला डोकावायचे. पहिल्यांदा आले तेव्हा बशीचं ताट झालं होतं. पुढच्या खेपेला ताटाची परात. त्याच्या पुढच्या खेपेला मी कटरनं आख्खा तळच काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. भाऊ गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"युसूफभाई, मी गाडी दुरुस्तीला दिली व्हती का उंदराला?"

*

त्याच सुमाराला तुंगार्लीच्या एका बंगल्यातले साहेब त्यांची जुनी जीप घेऊन आले. हौशी माणूस, स्वभावानं फार गोड. त्यांच्या बॉनेटवर सुंदर तांबूस गंज चढलेला. मी ग्राइंडर उचलला तर ते दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहिले.

"नो, नो! गंज काढायचा नाही. त्यावर नुसता पारदर्शक क्लिअर कोट मारायचा. गंजामुळे गाडीला कॅरेक्टर येतं!"

दगडूभाऊ बाकड्यावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, भिंतीला टेकवलेला आपला चाळणी झालेला तळ दोन्ही हातांनी उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"सायेब, ह्यो घिऊन जावा. लय क्यारेक्टर हाय!"

आणि साहेब घेऊन गेले की! आता तो तुंगार्लीत त्यांच्या हॉलमधे भिंतीवर टांगलाय, वर लाइट सोडून. भाऊंना तो बघायला एकदा खास जेवायला बोलावलं होतं. आल्यावर म्हणाले, "जेवन चांगलं व्हतं. पन माझ्या गाडीचं भोक बघून कुनी वा म्हनंल, असं वाटलं नव्हतं."

*

तळ काढलेली जीप एक दिवस शेजारच्या शेडमधे न्यायची होती. जुन्या जीपचे पेडल तळातूनच वर येतात, म्हणजे तळाबरोबर तेही काढलेले. सीट नाही, ब्रेक नाही. अब्बा म्हणाले, "मी स्टिअरिंग धरतो, तुम्ही मागून ढकला."

अब्बा गाडीत उभे राहिले. गाडीत म्हणजे जमिनीवरच. वर गाडी, खाली अब्बांचे पाय. आम्ही ढकललं आणि गाडीबरोबर अब्बा तुरुतुरु चालू लागले. आमच्या दारात उतार आहे हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. गाडी पुढे, आम्ही मागे, आणि मधे अब्बांची दुडकी चाल! आयुष्यभर माझ्यावर न ओरडलेला माणूस "रेहाना, रेहाना!" करत हायवेच्या दिशेनं निघालेला. शेवटी मातीच्या ढिगाला टेकून गाडी थांबली.

चौकातला हवालदार हे सगळं बघत होता. तो सावकाश चालत आला. "चाचा, लायसन दाखवा. गाडीचं नको, पायांचं!"

त्यानंतर अब्बांच्या गुडघ्यांची तक्रार बरेच दिवस ऐकू आली नाही.

*

काम निम्म्यावर आलं तेव्हा हौसामावशी एकट्याच एसटीनं आल्या. काखेत गोणपाटात गुंडाळलेला एक पत्रा. त्यांनी आधी गॅरेजवर नजर फिरवली. "जोडनारं कोन हाय?"

"मी," म्हटलं.

मावशींनी मला खालून वर निरखून बघितलं. "मग झ्याक. बाईनं जोडलेलं सुटत न्हाई."

मी चहा मागवला. म्हटलं, मावशी, पत्रा अगदी पक्का होईल, आता चपलेची भीती नाही. तशा त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"पोरी, चपलेचं निमित्त गं. भोकाचं मला काय न्हाई, भोकं तर घराच्या कौलाला बी हायेत. पन ह्ये भोकातनं थुकत्यात, आन खालच्या वाऱ्यानं त्ये समदं वर येतं. माझ्या एकूनएक लुगड्यावर नक्षी हाय! आता तान्ही पोर मांडीवर घिऊन मी तितं बसू व्हय? आन चार मान्सांत नवऱ्याची थुकी कशी सांगायची? म्हनून चप्पल सांगितली."

इतकी वर्षं बाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी हसत हसत चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

मग त्यांनी गोणपाट सोडलं. पत्रा जुन्या काळचा, जाड, एका बाजूनं रंगवलेला. गोठ्याच्या मागे कधीपासून पडून होता म्हणे. "ह्यो त्यांच्या पायाखाली लाव. रंगाची बाजू वर. आन खरवडू नको."

मी पत्रा पुसून बघितला आणि अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पत्रा उत्तम आहे," एवढंच म्हणाले. मी कडेचा तेवढा रंग काढून तो नीट जोडला.

भाऊंची इकडे वेगळीच खटपट चालू होती. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "पानी जायला एक बारीक भोक ठिव. माझ्या डाव्या हाताला यील असं. आन मॅटचा तेवढा कोपरा चिकटवू नको." मी भोक ठेवलं, त्याला रबराचं बूच बसवलं आणि वर नवं कोरं मॅट अंथरलं.

*

गाडी न्यायचा दिवस रविवार होता. बाळाला लोणावळ्यात डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून मावशी आणि सुरेखा त्याला घेऊन टेंपोनं आल्या. टेंपोवाला बाहेर थांबूनच होता. पुढं भाज्याला जीपनं जायचं की टेंपोनं, हे मावशी गाडी बघून ठरवणार होत्या.

भाऊ अंघोळ करून, टोपी घालून जीपपाशी उभे. मावशी चढल्या. जमीन चोपतात तसा आपल्या बाजूला दणादण पाय आपटून बघितला. गाडी हलली, पत्रा हलला नाही. मग त्या सावकाश पुढच्या सीटवर टेकल्या. सुरेखाला म्हणाल्या, "आन गं पोरीला."

भाऊंनी टेंपोवाल्याला इतक्या जोरात "जा!" म्हणून सांगितलं की बाळ दचकलं.

वाटेत काही वाजलं-हललं तर कळावं म्हणून मी मागे सुरेखाशेजारी बसले. भाऊ गाणं गुणगुणत होते. कार्ला फाट्याला वळेपर्यंत त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकलीही होती. मळवलीचं रेल्वे फाटक बंद होतं. उजवीकडे अगदी चिकटून एक स्कूटर, त्यावर नवराबायको. पुढे-मागे भाज्याच्या लेण्यांना निघालेल्या गाड्या. भाऊंचे गाल भरले.

त्यांचा डावा हात खाली गेला. मॅटचा कोपरा उचलला गेला. भाऊ वाकले.

आणि वाकलेलेच राहिले.

मॅटखाली, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "येथे थुंकू नये. आज्ञेवरून."

भाऊंनी मान वळवून मावशींकडे बघितलं. मावशी मांडीवरच्या नातीला लोहगड दाखवत होत्या.

"वाचा की," त्या गडाकडे बघतच म्हणाल्या.

फाटक उघडलं. भाऊंनी कोपरा सोडला आणि गाडी पुढे घेतली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लेण्यांना चाललेली माणसं, पोरं, कणसंवाले. तोंड उघडायला जागाच नाही! भाज्याच्या घरापाशी पोचलो तर तिथं आख्खं घर बाहेर उभं. बाळावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन सासूबाई पुढे, आणि व्याही हात पसरून थेट भाऊंच्या दारापाशी.

"या व्याही, या! गाडी तर नवीच दिसती! बोला, कसा झाला प्रवास?"

भाऊ खाली उतरले. गाल टम्म, चेहरा लाल. डोळे पाण्यानं भरलेले. एकदा लेकीकडे बघितलं, एकदा नातीकडे, एकदा मावशींच्या स्वच्छ लुगड्याकडे. तोंडातून शब्द नाही.

व्याह्यांनी त्यांना घट्ट मिठी मारली. "बगा रे," ते सगळ्यांना म्हणाले. "बापाचं काळीज! बोलवंना त्यास्नी!"

सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मावशींनीही लावला. मग पदराआडून मला म्हणाल्या, "जाताना बी ह्यांच्या शेजारीच बसती मी."