गळ्याखालची छोटी चावी

लेक आयटी पार्कात नोकरीला, स्पेनच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलते. त्यामुळे आमच्याकडे जेवताना भाजीपेक्षा शब्दच जास्त वाढले जातात. सासरे न्हाणीघरात पडले, गळ्याखालचं हाड मोडलं, हात झोळीत अडकला, तर ही ताटावरूनच सांगते, "आजोबा, त्या हाडाला लॅटिनमध्ये छोटी चावी म्हणतात. आपली चावीही पोर्तुगीजांकडून आलेली. तीच स्पेनमध्ये यावे, इटलीत कियावे, फ्रान्समध्ये क्ले. सगळ्यांची आई एकच, लॅटिन क्लाविस."

"आणि किल्ली?"

"ती आपली. कील म्हणजे खिळा, त्यातून आलेली."

"मग मोडली ती पोर्तुगीजांची. आपलं काही गेलं नाही," सासरे म्हणाले आणि डाव्या हाताने भात कालवू लागले.

डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, एकट्याने उठायचं नाही. पुन्हा पडले तर या वयात ऑपरेशन. तेव्हापासून घरात भांडं वाजलं तरी मी धावत त्यांच्या खोलीत.

एका दुपारी त्यांना बघायला मोहालीहून ओळखीच्या बाई आल्या. चंदीगडात दारी मराठी माणूस म्हणजे सुखना तलावात देवमासा. त्यात आपलं निरोप घेणं. सोफ्यावर एकदा, दारात एकदा, जिन्यात एकदा. तेवढ्यात दिल्लीतलं सरकार पडून नवं उभं राहावं. बाई जिना उतरू लागल्या आणि मला आठवलं, कुंकू लावायचं राहिलं. करंडा घेऊन धावले. पाठीमागे वाऱ्याने लॅचचं दार लागलं.

खट्.

चावी आत, खिळ्यावर. गॅसवर दूध. पलंगावर सासरे.

बाई कुंकू लावून निघूनही गेल्या, त्यांना कळूही दिलं नाही मी. लेकीला फोन केला. दुसरी चावी तिच्याकडे. "निघाले," म्हणाली. पण आयटी पार्क त्या दिवशी स्पेनच्याही पलीकडे गेलेला.

खालच्या सरदारणी वर आल्या. "तोड़ दें, भाभीजी?"

सरकारी क्वार्टरचं दार ते. हत्तीने धडक दिली तर हत्तीलाच प्लास्टर लागावं.

हाक मारली तर ते उठणार, पडणार. नाही मारली तर दूध उतू जाऊन गॅस विझणार, खोलीभर पसरणार. मी एका दमात दोन्ही ओरडले, "बाबा, गॅस बंद करा! बाबा, उठू नका!"

आत काही नाही. मग करपल्या दुधाचा वास. मग काहीतरी धप्पकन पडलं, आणि पुन्हा शांत. माझ्या हातातला करंडा निसटून सगळं कुंकू पायरीवर. सरदारणींनी माझा खांदा धरला.

लेक जिना चढत आली ती चावी पुढे धरूनच. पण घाईत चावी उलटी धरलेली, कुलपात शिरेना. तेवढ्यात आतून लॅच फिरलं.

सासरे उभे. पांढरेफटक. डाव्या हाताने चौकट धरलेली, झोळी जागच्या जागी. मागे जमिनीवर पातेलं उपडं.

"दूध गेलं. गॅस बंद केलाय," ते म्हणाले.

"बाबा, मी केव्हाची ओरडतेय. ऐकू नाही आलं?"

"आलं की. मला वाटलं, पाहुण्यांचा निरोप अजून दारातच चाललाय."