सारिंतेनच्या गळ्यातले सांधे

जावातल्या सोलो शहराच्या गल्ल्यांतून पाठीवर जामूच्या काढ्यांची टोपली घेऊन फिरणाऱ्या सारिंतेनचा आवाज बसला, तेव्हा तिने त्या व्यवसायातली कोणतीही बाई करील तेच केले: स्वतःचाच तांदूळ आणि केंचूरच्या मुळीचा काढा प्यायली. घशाला हेच औषध, असे ती गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे सांगत आली होती. गुण येईना, म्हणून तिने मुळी वाढवली.

बोटांचे सुजलेले सांधे मात्र ती दूरच्या दवाखान्यात चोरून दाखवी. ज्या जामूवालीला डॉक्टर लागतो, तिचा काढा कोण घेणार? आवाजाविषयी तिथे तिने चकार शब्द काढला नाही, आणि कोणी विचारलेही नाही. बोटे पाहणाऱ्याने बोटेच पाहावीत, ही शिस्त आपल्याकडे फार कसोशीने पाळली जाते.

काही दिवसांनी चालताना श्वासाला शीळ फुटू लागली.

"यू सारिंतेन, तू होतीस होय?" तिचे नेहमीचे गिऱ्हाईक हार्ताती फाटकातून म्हणाली. "मला वाटलं, कोणाच्या सायकलचा ब्रेक वाजतोय."

दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर नुग्राहानींनी ती शीळ ऐकली आणि बोटे बाजूला ठेवली.

"सारिंतेन बू, आवाज कधीपासून असा?"

"त्याचं औषध आहे माझ्याकडे."

"मग उतार का नाही?"

सारिंतेनने सुजलेली बोटे पुन्हा पुढे केली.

"सकाळी मूठ वळते?"

"उन्हं वर आल्यावर."

"आणि आवाज?"

सारिंतेन विचारात पडली. "तोही तेव्हाच सुटतो की."

नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी गेली. पडद्यावर स्वरयंत्रातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. डावी जेमतेम हलत होती.

"त्या हलवणारे इवलेसे सांधे असतात. बोटांतला संधिवात तिथंही पोचलाय. पट्ट्या नीट उघडत नाहीत, म्हणून शीळ. सूज वाढली तर श्वास कोंडेल. आजच दाखल व्हा."

दाखल होणे म्हणजे गल्लीभर बभ्रा. तरी सारिंतेनची नजर पडद्यावरून हटेना.

"परत दाखवा. ही डावी ना? उद्या हलेल?"

"उद्या नाही. पण औषध उशिरा झालं, तर कधीच नाही."

ती राहिली.

सुयांनी आणि गोळ्यांनी श्वास मोकळा झाला. आवाज अर्धामुर्धाच परतला. बातमी तिच्याआधी गल्लीत पोचली होती, आणि काही फाटके उघडलीच नाहीत.

हार्तातीचे उघडले. "दवाखान्यात होतीस म्हणे. मग तुझं केंचूर काय कामाचं?"

"साध्या घशाला चालतं. माझे सांधे सुजले होते, गळ्यातले."

"गळ्यात कसले सांधे?" हार्तातीने पेला पुढे केला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा चाचपला. "हळद-चिंचेचं ओत, आणि बस जरा. नक्की कुठं असतात ते?"