एका कोटातले दोघे

बार्शीटाकळीच्या आमच्या घरात वडिलांचा एकच फोटो होता आणि त्यातलं फक्त डोकं वडिलांचं होतं. मी फार लहान असताना ते गेले. मामाच्या लग्नातल्या घोळक्यात ते मागे उभे होते, पुढच्या जाड्या पाहुण्याआड गळ्यापर्यंत झाकलेले. आईनं अकोल्याच्या स्टुडिओवाल्याकडून तेवढं डोकं कापून कोट-टाय घातलेल्या कुणा अनोळखी धडावर बसवून घेतलं. धडाचा हात खुर्चीच्या पाठीवर, बोटात अंगठी. जन्म धोतर-बंडीत काढलेले वडील भिंतीवर जरा अवघडूनच उभे असत.

अमरावतीला कॉलेजात गेल्यावर मला त्या फोटोची लाज वाटू लागली. तिथं एका मासिकात परदेशी छायाचित्रकारांनी स्वतःचेच काढलेले विचित्र फोटो पाहिले. एकाच्या तोंडाच्या जागी चक्क पिंजरा होता. असल्या फोटोंसाठीचा अतिवास्तववाद हा शब्द मी मग चहाच्या टपरीवरही वापरू लागलो. मुंबईच्या एका प्रदर्शनाला तसाच फोटो पाठवायचं ठरवलं. तो निवडला गेला, तरच शेती सोडून कॅमेरा धरतो म्हणायची माझी हिंमत होणार होती.

दिवाळीच्या सुटीत मित्राचा कॅमेरा घेऊन घरी आलो. पुढची खोली कापसानं भरलेली. त्यात स्वतःला मानेपर्यंत पुरलं, कानाशी बंद पडलेलं गजराचं घड्याळ ठेवलं, कॅमेऱ्याच्या खटक्याला बांधलेला दोरा कापसाखालून पायाच्या अंगठ्याला गुंडाळला आणि डोळे मिटून अंगठा ओढला. कापूस म्हणजे स्वप्न, घड्याळ म्हणजे गोठलेला काळ. अर्थ आधीच तयार होता. कापूस नाकात गेला, तेवढं मात्र अर्थात धरलेलं नव्हतं.

रीळ मी अकोल्याच्या त्याच स्टुडिओत धुवायला टाकलं. तिथं बाजाराला गेलेली आईच फोटो घेऊन येणार होती. तिथं तिला दिसलं ते पोराचं नुसतं डोकं, डोळे मिटलेले, नाकपुड्यांत कापूस.

संध्याकाळी तिनं माझ्या हातात फोटो ठेवला. माझं डोकं त्याच कोटावर बसलं होतं. तोच हात, तीच अंगठी. नाकातला कापूस गेला होता आणि मिटल्या पापण्यांवर शाईनं डोळे काढले होते.

"निगेटिव्ह कुठी हाये?"

"खरवडून टाकाले लावली. मी समोरच बसली होती."

ती कला होती, असं मी तिला बराच वेळ तावातावानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुह्या बापाले मेल्यावर धड घेऊन देलं," ती म्हणाली. "तुह्यं कावून बाकी ठेवू?"

 माझा राग गेला नाही. दुसरा फोटो काढून पाठवायला मुदत उरली नव्हती, प्रदर्शन हुकलं. तिनं फोटो वडिलांच्या शेजारी टांगला आणि ती शेतात गेली की तो उतरवायचा, असं मी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची काकू आली. मी तोंडानं आईवर गेलेला. वडिलांचं माझ्यात काही आहे, असं तोवर कुणी म्हणालं नव्हतं. काकू दोन्ही फोटोंपुढे बराच वेळ उभी राहिली.

"पोट्टा बापावर गेला वं," ती आईला म्हणाली. "उभं रायनं बी तेच."

आई शेतात गेली. फोटो मी काही उतरवला नाही.