लग्नाला गेलेलं संग्रहालय

माळ्यावर टाकलेली वस्तू मराठी घरात कुणालाच आठवत नाही. आमच्या आतोबांना मात्र ती दुसऱ्याच्या माळ्यावरची असली तरी आठवते. देवासपासून धारपर्यंत कुणाचा सोऱ्या कुठल्या पेटीत गंजतो आहे आणि कुणाच्या घंगाळात तुळस लावली आहे, हे त्या घरच्यांच्या आधी त्यांना ठाऊक असतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावाला वस्तुसंग्रहालयाची गरज आहे असं एकट्यानेच ठरवून टाकलं. कुणाकडे गेले की ते आधी माळ्याकडे बघतात, मग माणसांकडे. एकदा आम्ही एका घरी समाचाराला गेलो होतो. आतोबा दहा मिनिटं मान खाली घालून बसले आणि मग हळूच म्हणाले, "काकूंचा शेवयांचा पाट आता कोण वापरणार?" सुनेने डोळे पुसत तो काढून दिला. आत्याने तो धरायला साफ नकार दिल्यामुळे परत येताना पाट रिक्षात माझ्या मांडीवर होता.

धरमपुरीहून त्यांनी जातं आणलं ते बसने. दोन्ही दगड चादरीत गुंडाळून खिडकीच्या जागेवर बसवले आणि स्वतः धारपर्यंत उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "बा साब, ये सीट पे कौन है?"

"हमारी मावससासूबाई का जातं है."

"तो नीचे रख दो."

"नीचे? इसपे शादी की हल्दी पिसती है, भिया!"

कंडक्टर विचारात पडला. पुढच्या थांब्यावर एक जाडजूड गृहस्थ चढले, तेव्हा त्यानेच त्यांना सांगितलं की ती जागा भरलेली आहे.

संग्रहालय म्हणजे आमच्या मराठी मंडळींच्या सभागृहामागची एक खोली. आमचं देवास पूर्वी दोन राजांत वाटलेलं होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली, पण आतोबांच्या खोलीत वाटणी अजून शाबूत होती. उजव्या भिंतीला थोरल्या पातीतल्या घरांच्या वस्तू, डाव्या भिंतीला धाकटीतल्या. एक मोदकपात्र मात्र मधल्या खिडकीत होतं, कारण ते माहेरून आणणारी सून पलीकडच्या पातीतली होती. प्रत्येक वस्तूखाली आतोबांच्या वळणदार अक्षरात एक कार्ड. 'घंगाळ. तीन पिढ्या यातील पाण्याने न्हाल्या. चौथीने गीझर बसविला.' 'अडकित्ता. सुस्थितीत आहे. मालकांचे दात गेले.' आमच्याकडची मुलं हिंदी शाळांत शिकलेली, त्यांना हे वाचायला जड जायचं, म्हणून खाली हिंदी लिहायचं काम माझ्याकडे आलं. घंगाळाखाली मी एकदा उत्साहाने 'अत्यंत सुंदर' असं घातलं. त्यांनी ते खोडलं. "सुंदर आहे का, ते बघणारा ठरवेल. तू फक्त गीझरचं लिही." आत्या म्हणायची, "घरात बिनकार्डाची मीच काय ती राहिलेय."

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. वापरात नसलेली वस्तू म्हणजे नुसतं भंगार, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे काचा नाहीत, कुलपं नाहीत, आणि कुणाकडे लग्न निघालं की खोलीतली वस्तू मागून न्यायची पूर्ण मुभा. आमच्या जुन्या घरांत अजूनही लग्नाआधी सुवासिनींना जात्यावर हळद दळावी लागते, मुसळाला आंब्याची पानं बांधावी लागतात. फ्लॅटमध्ये मुसळ कुठून येणार? मग फोन यायचा, "आतोबा, जातं देता का? परसों हळद है, सोमवारी पक्का वापस." वस्तू जायची आणि कार्डावर चिठ्ठी लागायची, 'लग्नाला गेले आहे.'

पुढे सभागृहाच्या कमिटीला त्या खोलीत वातानुकूलित वरपक्ष बसवायचा होता. अध्यक्ष माणूस सज्जन. म्हणाले, "आतोबा, सरकारदरबारी नोंद करून आणा, मग खोली कायमची तुमची." आतोबांनी वर्षभर अर्ज केले आणि शेवटी भोपाळहून एक अधिकारी बाई पाहणीला येणार असं पत्र आलं. तारीख बघून मी कॅलेंडर काढलं. आखातीजेचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. आखातीजेला आमच्या माळव्यात ज्याचं म्हणून ठरलंय तो लग्न करून टाकतो.

मी हात जोडले. "आतोबा, या खेपेला एवढं नाही म्हणा. एकच दिवस."

"अगं, लग्न त्यांचं आहे. पाहणी आपली आहे. पुढे काय ढकलता येईल, सांग."

त्या बाई आल्या तेव्हा खोलीत दोन पात्या होत्या, कार्डं होती आणि चिठ्ठ्या होत्या. जातं, मुसळ, परात, समया, चौरंग, सगळं लग्नाला. मागे राहिले होते फक्त अडकित्ता आणि एक फुटका बंब. बाईंनी सगळी कार्डं शांतपणे वाचली, गीझरपाशी किंचित हसल्या, आणि विचारलं, "संग्रह कहाँ है?"

"काम पे गया है," आतोबा म्हणाले.

महिन्याभराने अहवाल आला. 'सामग्री उपलब्ध नहीं.' त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून भांडायचीही सोय नव्हती. मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याकडे फिरकले नाही. गेले तेव्हा खोली रिकामी करून द्यायची म्हणून आतोबा वस्तू वाटत बसले होते. जो मागेल त्याला, कार्डासकट. जातं तेवढं उरलं. इतकं जड धूड घरात घेणार कोण?

शेवटी त्या आखातीजेला ज्या मुलीची हळद त्यावर दळली होती, ती जीप घेऊन आली. माहेर देवासचं, सासर धारजवळच्या तिरल्याचं. म्हणाली, "आतोबा, मला पाहिजे ते. सासूबाई बोलल्या, ओसरीत जगह है." आतोबांनी दगड उचलायला हात लावला, चादर नीट खोचली आणि जीपच्या दाराशी उभे राहिले. वर्गातल्या कुणापुढे कधी गयावया न केलेला हा माणूस त्या विशीतल्या पोरीला विचारत होता, "कधीमधी बघायला आलो, तर चालेल का गं?"

"आतोबा, असं काय विचारता? तुम्ही तर घरचे."

जीप वळणाआड गेली तरी ते उभेच. मला त्यांच्याकडे बघवेना. मग चष्मा पुसत म्हणाले, "तिरला काही लांब नाही."

देवासहून तिरल्याला जायला दोनदा बस बदलावी लागते. मी म्हटलं, "छे, लांब कुठलं."