सगळ्यांचं पाणी घरी येईपर्यंत

मृणालने स्वतःच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. आमच्या वर्गाचा तो रिवाजच आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना मी तांत्रिक लेखन शिकवते, तेही खेळ बनवायला लावून. खेळाचे नियम कागदावर लिहायचे, आणि दुसरे खेळत असताना बनवणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. सांगायचं ते कागद सांगेल.

मृणालचा खेळ विहिरीवरून घरी पाणी नेण्याचा होता. चौघी मैत्रिणी खेळत होत्या. पहिलीची सोंगटी घरी पोचली आणि सगळ्या कागदावर वाकल्या. खेळ कधी संपतो, कोण जिंकतं, हेच लिहायचं राहिलं होतं. मृणालचे डोळे भरून आले. तोंडावरचा हात मात्र ढळला नाही.

“आता गं?” एकीने विचारलं.

“आता काय? हिचं पाणी अजून वाटेतच आहे,” दुसरी म्हणाली. “सगळ्यांचं येऊ दे की.”

मग पोचलेली पहिली मुलगी मागे राहिलेल्यांसाठी फासे टाकू लागली.

लिहिताना आपण वाचणाऱ्याला किती घाबरतो! तो चुकेल, अडेल, भलताच अर्थ काढेल. आपण सोडलेली जागा तो मायेनेही भरू शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटची सोंगटी घरी आली तेव्हा मृणालने हात काढला आणि कागदाच्या तळाशी लिहिलं, ‘सगळ्यांचं पाणी घरी आलं की खेळ संपतो.’

काही सोडू नका, असं मी वर्षभर बजावत असते. त्या दिवशी एक ओळ सुटली, म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले.