मेविस रोज टॉरवर चढायची

मेविस एंडाकॉटच्या पायाला भिंगरी आहे, हे इंग्लंडातल्या आमच्या डार्टमूरच्या माळावर कुणालाही विचारा. चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आत ती दोनदा बाहेर जाऊन आभाळ बघून यायची. नवरा लेनर्ड गेला, त्याला पुरून आलो आणि तासाभरात ती मेंढ्यांची खुरं कापत होती. तिच्याबरोबर चहाला बसायचं तर आपलाच जीव वरखाली होतो. मी रेज, तिचा शेजारी, साठ वर्षं हे सोसतोय.

दोन वर्षांपूर्वी जनावरांचा तो मोठा रोग आला. निघाला माझ्या शेतात. नियम असा होता की बांधाला बांध असलेल्याची जनावरंही मारायची, रोग असो वा नसो. एका दुपारी मेविसचा अख्खा कळप गेला.

आमच्या माळाला कुंपण नाही. कळप आपापल्या जागी राहतात, कारण आई कोकराला जागा शिकवते आणि ते पुढे आपल्या कोकराला. मेविसची मेंढरं विश्ट टॉरच्या, म्हणजे माथ्यावर खडक असलेल्या त्या टेकडीच्या, भोवती चरायची, तिच्या पणजोबांपासून. ती साखळीच तुटली. तिनं उत्तरेकडून नव्या मेंढ्या आणल्या, त्यांना टॉर काय आणि टपाल कचेरी काय, सारखंच. त्या चौफेर पांगल्या.

माळावर चारणाऱ्यांची बैठक बसली. हर्बर्ट कॉन्टर अध्यक्ष.

"मेविस, तुझ्या मेंढ्यांनी माझ्या बायकोचा कोबी फस्त केला."

"मग बरा लागला असणार. मी खाल्लाय तिच्या हातचा, शिजवल्यावर नाही तसा लागत."

सगळे हसले, पण निर्णय झालाच. शरद ऋतूत सगळे मिळून मेंढरं गोळा करतो, तोवर तिचा कळप टॉरपाशी टिकला तर ठीक, नाहीतर खाली उतरवायचा आणि माळ सोडायचा.

मग मेविस दिवसातून तीनदा टॉरवर चढायला लागली. त्या ग्रॅनाइटच्या खडकांवरून चारी दिशा दिसतात. पांगलेली दिसली की हाकत आणायची. सत्तरीला आलेली बाई, कंबर दुखरी. तेवढ्यानं भागेना, तेव्हा तिनं जे करायचं नाही तेच केलं. खुराकाची पिशवी वर नेली.

माळावर मेंढीला खाऊ घालायचं नाही, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी कळतं. मेंढी मग जागा शिकत नाही, पिशवी शिकते. आणि तसंच झालं. टॉर बघायला आलेल्या माणसानं बटाट्याच्या काचऱ्यांचं पाकीट फोडलं की सगळ्या मेंढ्या त्याच्या मागे. एका जोडप्याला त्यांनी गाडीपर्यंत पोचवलं आणि तिथंच रस्त्यावर बसल्या.

मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन ओरडलो. "बये, त्या मेंढ्या तुझ्या मागे फिरतात, माळाच्या नाही! घरी बस."

"बसू? मी? आणि वर कोण जाणार?"

"मी जातो. मोकळ्या हातानं. तू फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाहीस."

"तू रे कशाला?"

कशाला ते दोघांनाही ठाऊक होतं. मी टोपी घातली आणि निघालो.

तीन महिने मी आणि माझा कुत्रा सकाळ-संध्याकाळ वर गेलो. मेंढ्या हळूच वळवायच्या आणि लांब व्हायचं. मेविस खाली फाटकाला धरून उभी. तिनं फाटक दोनदा रंगवलं. भिंतीचे दगड उतरवून पुन्हा रचले. रात्री झोप नाही म्हणाली, आणि माझ्यावर भांडी आपटली. मला तिची दया यायची आणि रागही.

गोळा करायच्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे चढली. पश्चिमेचा वारा असा की उभं राहवेना. टॉरच्या अलीकडे एकही मेंढी नव्हती. हर्बर्ट माझ्याकडे बघेना. मेविसचं तोंड पांढरं पडलं.

आम्ही खडकांना वळसा घातला. पूर्वेच्या अंगाला, मोठ्या शिळेखालच्या खळग्यात, वाऱ्याच्या आड, सगळा कळप कोकरांसकट रवंथ करत बसला होता. आम्हाला बघून एकही उठली नाही.

"रेज, तू दाखवलीस ही जागा?"

"नाही. मी कधी या बाजूला आणल्याच नाहीत."

"माझी जुनी इथंच बसायची. अशा वाऱ्यात, अगदी इथंच."

हर्बर्टनं घसा खाकरला. "मग माळ तुझाच, मेविस." आणि तो इतरांना घेऊन बाजूला झाला.

मेविस त्या मेंढ्यांच्या शेजारी खाली बसली, आणि रडली. मी टोपी काढून उभा राहिलो.

"माझी एकही आजारी नव्हती रे, रेज," ती म्हणाली. "एकही नव्हती."

"ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि तिच्या शेजारी बसलो.