पस्तीस सेकंदांची सुट्टी

आमच्या शाळेत कुठला तास कोणाचा हे वेळापत्रकावर लिहिलेलं असायचं. मधली सुट्टी मात्र शिवकांता मावशींची होती, आणि ते कुठंही लिहायची गरज पडली नव्हती.

शिवकांता बिराजदार उमरग्यातल्या आमच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होत्या. मी तिथं चित्रकला शिकवायचो. घंटा झाली की मास्तर लोक चहाकडं वळायचे आणि मावशी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या डब्यात आज काही नाही, कोण रडून आलंय, हे त्या तिथनं बघायच्या. "सर, पोरं तासाला बिघडत न्हाईत," त्या मला म्हणायच्या. "सुट्टीत बिघडतेत. तासाला नुसतं दिसतं."

एकदा तपासणीला आलेले साहेब मैदानावर भाषण करत होते. सुट्टीची वेळ झाली तरी थांबेनात. मावशींनी ठरल्या मिनिटाला घंटा दिली. साहेब अर्ध्या शब्दावर थांबले, खाली उतरले आणि ओळीत उभं राहून पाणी प्यायले. नंतर त्यांनाही कळेना की आपण असं का केलं.

तर या बाई निवृत्त झाल्या. आणि पुढच्या दोन महिन्यांत त्यांचं काय करायचं हे घरात कोणालाच कळेना. सकाळी पावणेअकराला, शाळेच्या पहिल्या घंटेच्या वेळी, त्या उठून दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. सुनेनं शेवटी त्यांना रविवारचं गावातल्याच बहिणीकडं धाडायला सुरुवात केली. बहिणीचा मुलगा महांतेश याचं हायवेला टायरचं दुकान. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यानं पाच कॉम्प्युटर मांडले होते आणि दर रविवारी तिथं पाच जण बसून लढाईची गेम खेळायचे. रविवारचा डबा पोचवायचं काम मावशींकडं आलं.

हे पाच जण म्हणजे काही पोरंटोरं नव्हती. महांतेश सत्तावीस वर्षांचा, टीमचा कॅप्टन. वैष्णवी एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. इंद्रजित गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. आणि उत्कर्ष-उन्मेष हे जुळे भाऊ, दोघं मिळून मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान चालवायचे आणि दिवसभर एकमेकांशी भांडायचे.

गेम साधी होती. इंटरनेटवरनं समोर दुसरी पाच जणांची टीम असायची. दोन मिनिटांची एक फेरी. फेरीत ज्याला गोळी लागली तो त्या फेरीपुरता मेला. त्यानं फक्त बघायचं. एका बाजूचे सगळे मेले की फेरी संपली. मग पस्तीस सेकंद थांबा. त्या थांब्यात बंदुका घ्यायच्या आणि पुढच्या फेरीसाठी सगळे परत जिवंत. जो आधी तेरा फेऱ्या जिंकेल, तो सामना जिंकला.

मीही अधूनमधून तिथं जाऊन बसायचो. आमचे लोक हरायचे. तेरा-दोन, तेरा-एक, एकदा तर तेरा-शून्य.

तीन रविवार मावशी कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिल्या. त्यांनी पडद्याकडं एकदाही बघितलं नाही. त्या घड्याळाकडं आणि या पाच जणांच्या तोंडाकडं बघत होत्या. फेरी संपली की महांतेश पस्तीसच्या पस्तीस सेकंद व्याख्यान द्यायचा, "तू डावीकडनं का आला न्हाईस? मी सांगितलं हुतं का न्हवतं?" जुळे एकमेकांचा गळा धरायचे. इंद्रजित कपाळाला हात लावून आपलं पहिल्यापासनंच असं आहे म्हणायचा. वैष्णवी भिंतीकडं बघायची. आणि या गडबडीत बंदूक घ्यायचं राहून जायचं. एकदा कॅप्टन स्वतः नुसता चाकू घेऊन लढाईला निघाला.

चौथ्या रविवारी मावशींनी डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी खेळताना हरत न्हाय. सुट्टीत हरता."

"मावशी, ती सुट्टी न्हाय," महांतेश म्हणाला. "ते पस्तीस सेकंद नुसते मधी असतेत."

"मधी असती तीच सुट्टी. समोरचे काय करायलेत, सांग बरं."

महांतेशनं वैष्णवीकडं बघितलं, वैष्णवीनं इंद्रजितकडं. दीड तास लढून समोरचा माणूस कुठनं येतो हे एकालाही सांगता येईना. प्रत्येकाला फक्त आपल्यातल्या बाकी चौघांच्या चुका पाठ होत्या.

मावशी खाली गेल्या. भंगारात पडलेल्या टमटमच्या चाकाचा जड लोखंडी ब्रेक ड्रम त्यांनी वर आणला, खिडकीच्या गजाला तारेनं टांगला आणि हातात चाकाचा पाना घेतला. त्या दिवसापासनं सुट्टी त्यांच्या ताब्यात गेली.

फेरी संपली की एक टोला. पहिले दहा सेकंद हात मांडीवर, तोंड बंद. पाण्याचा एकच घोट. डोळे पडद्यावरनं काढून खिडकीबाहेर हायवेवर, जाणारा ट्रक कुठल्या राज्याचा आहे ते मनात वाचायचं. ज्याला रडायचं असेल त्यानं याच दहा सेकंदांत रडून घ्यायचं. मग दुसरा टोला. आता एकानंच बोलायचं, एकच वाक्य, आणि ते समोरच्यांबद्दल. आपल्यातल्या कोणाचं नाव त्या वाक्यात आलं तर वाक्य बाद. मग बंदुका. त्या सगळ्यांनी एकदम घ्यायच्या, नाहीतर कोणीच घ्यायच्या नाहीत. "टाकीत पाणी कमी असलं तर कुणालाच देत न्हवते मी," मावशी म्हणाल्या. "दोघांना दिलं की बाकीचे तहानेपेक्षा रागानं मरतेत." शेवटच्या पाच सेकंदांत कोण कुठं जाणार ते बोटानं दाखवायचं आणि तिसरा टोला.

"आन मेलेल्या माणसानं बोलायचं न्हाय," त्यांनी बजावलं. "मेलेला बोलाय लागला की जित्याला भ्या वाटतं. मेल्यानं बघायचं, ध्यानात ठेवायचं, सुट्टीत सांगायचं."

पहिल्या दिवशी ते सात फेऱ्या जिंकले. पुढच्या महिन्यात सामने जिंकायला लागले. अडचण एवढीच झाली की ब्रेक ड्रमचा आवाज फक्त खोलीपुरता राहिला नाही. खाली टायर बदलायला थांबलेले ड्रायव्हर पहिल्या टोल्याला गप्प व्हायचे आणि बाटल्या काढून पाणी प्यायचे. तेलंगणातला एक ड्रायव्हर तर गाडीत हवा भरून झाली तरी निघायचा नाही. "तीसरा होने दो," म्हणायचा. वैष्णवीनं दवाखान्यात एक्स-रेच्या आधी पेशंटांना दहा सेकंद खिडकीबाहेर बघायला लावायला सुरुवात केली. डॉक्टरांनी कारण विचारलं तर म्हणाली, फोटो हलत नाही.

मग धाराशिवला जिल्ह्याची स्पर्धा लागली. एका मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी दहाला. मला त्या बाजूला काम नव्हतंच, पण असली गोष्ट चुकवायची कशाला, म्हणून मीही बसमध्ये बसलो. मावशींच्या मांडीवर ब्रेक ड्रम होता. कंडक्टर येऊन त्याच्याकडं बघत राहिला.

"हे काय हाय?"

"घंटा."

"शाळंची?"

"व्हय."

कंडक्टरनं मान डोलावली आणि पुढं गेला. तुळजापूर येईपर्यंत गाडीत कोणी मोठ्यानं बोललं नाही.

कार्यालयात फॉर्म भरून घेणारा तरुण चष्मा सावरत बसला होता. प्रशिक्षकाचं नाव लिहिलं, मग त्यानं विचारलं, "गेममधलं नाव?"

"शिपाई," मावशी म्हणाल्या.

"रँक?"

"वर्ग चार."

त्या तरुणानं आदरानं वर बघितलं. अशी रँक त्यानं ऐकली नव्हती, पण कबूल करायची त्याची तयारी नव्हती. त्यानं ती तशीच लिहून घेतली आणि मावशींना बसायला गादीची खुर्ची दिली.

आमची टीम दुपारपर्यंत अंतिम सामन्याला पोचली. समोर धाराशिवची टीम. निळे टी-शर्ट, पाठीवर नावं, आणि राजस नावाचा प्रशिक्षक, गळ्यात शिट्टी आणि मांडीवर लॅपटॉप. पहिल्याच फेरीनंतर मावशींनी टोला दिला आणि राजस उभा राहिला.

"पंचसाहेब, हे चालतं का?"

पंचांनी नियमांचे कागद काढले. मोबाइल चालत नाही, भोंगा चालत नाही, प्रेक्षकांनी ओरडून खाणाखुणा करायच्या नाहीत. ब्रेक ड्रमबद्दल काही नव्हतं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. "चालतं," ते म्हणाले.

नऊ-दोन झालं. आमचा महांतेश आता हसत हसत पाणी पीत होता. आणि मग मला दिसलं ते मावशींनाही दिसलं असणार. टोला पडला की निळ्या टी-शर्टवाल्यांचेही हात मांडीवर जात होते. राजस त्यांच्या मागं उभा राहून ओरडत होता, लॅपटॉपवरची आकडेवारी दाखवत होता. त्यांच्यातली श्रिया नावाची मुलगी मान न वळवता म्हणाली, "सर, गप बसा. सुट्टी आहे."

खिडकीबाहेर मंगल कार्यालयाच्या आवाराची भिंत होती. ट्रक नव्हते. त्या मुलांनी भिंतीवरची लग्नाची जुनी पाटी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या टोल्याला त्यांच्यातलं कोणी तरी एकच बोलायचं. आणि ते जिंकायला लागले. नऊ-पाच. नऊ-सात. नऊ-नऊ.

"मावशी," महांतेश दातांवर दात ठेवून म्हणाला, "घंटा नका वाजवू आता. आपल्याला पाठ झालीय. ते तुमच्या घंटेवर जिंकायलेत."

मावशींनी पाना खाली ठेवला नाही. "दोन वर्गांना दोन घंटा नसतेत, महांतेश."

"ही शाळा न्हाय!"

"मग तू सुट्टीत कशाला वरडायलास? दहा सेकंद झाले न्हाईत अजून."

महांतेश तोंड फिरवून बसला. मावशींनी दुसरा टोला दिला. हात जरा हळू होता, पण दिला.

बारा-बारा झालं. शेवटची फेरी उरली आणि लाइट गेली. जनरेटर चालू होईना. पंचांनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली. दोन्हीकडं कुजबुज सुरू झाली. पस्तीस सेकंदांचं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, दहा मिनिटांचं कोणालाच नव्हतं. दहाच्या दहा खेळाडू मावशींकडं बघायला लागले.

मावशींनी पिशवीतनं डबा काढला. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. त्यांनी सतरंजीवर सगळ्यांना एका आड एक बसवलं, एक आपला, एक त्यांचा. पंचांना बोलावलं. राजसनं आधी नको म्हटलं, मग अर्धी भाकरी घेतली, मग आणखी एक. चटणी तिखट होती. त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि कोणी हसलं नाही. उत्कर्ष आणि उन्मेष यांच्यामध्ये श्रिया बसली होती. दोघांना भांडायचं तर तिच्यावरनं वाकावं लागत होतं, म्हणून ते भांडलेच नाहीत. जनरेटर लागल्यावरही पंच ताट घेऊन बसलेलेच होते. मावशींनी टोला दिला तेव्हा तेच सगळ्यांत आधी उठले.

शेवटची फेरी मी उभा राहून बघितली. आमचे चार मेले. त्यांचेही चार मेले. आमच्याकडनं वैष्णवी उरली, त्यांच्याकडनं श्रिया. वैष्णवी पडद्यावरच्या गोदामात हळूहळू पुढं सरकत होती. हॉलमध्ये पंख्याचा आवाज सोडून काही नव्हतं. वैष्णवी पोत्यांच्या थप्पीपाशी वळली आणि मागनं गोळी आली.

तेरा-बारा. धाराशिव जिंकलं.

महांतेशनं डोकं टेबलावर टेकवलं. तेवढ्यात उत्कर्ष खाली बघत म्हणाला, "मला दिसली हुती ती. थप्पीच्या मागं."

"मग सांगितलं का न्हाईस?" उन्मेष ओरडला.

"मी मेलो हुतो."

वैष्णवीनं ओठ चावला आणि मग तिला हसू फुटलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. महांतेशनं मावशींकडं बघितलं. मला वाटलं, आता तो सगळं बोलणार.

मावशी स्वतःच पुढं झाल्या. "माझी चूक हाय," त्या म्हणाल्या. "त्याची न्हाय. मी त्याला मरून बी शिपायासारखं उभं केलं. मेलेल्याला एक वाक्य बोलू द्याय पायजे हुतं." एकतीस वर्षांत आपली चूक झाली असं त्यांना म्हणताना मी ऐकलं नव्हतं. पाना अजून त्यांच्या हातात होता. महांतेशनं उठून तो पाना त्यांच्या हातातनं काढून घेतला आणि पाण्याची बाटली दिली.

परतीच्या बसपर्यंत धाराशिवची टीम पोचवायला आली. राजसनं शिट्टी खिशात घातली होती. "मावशी, आमच्याकडं पण या ना," तो म्हणाला. "एका आड एक रविवार. न्यायची-आणायची सोय करतो."

महांतेश आठ दिवस मावशींशी बोलला नाही. घरातली माणसं त्यांच्याकडं का जातात, असं त्याचं म्हणणं. मावशींनी भांडण केलं नाही. त्यांनी आखीव कागदावर वेळापत्रक लिहिलं, पहिला आणि तिसरा रविवार उमरगा, दुसरा आणि चौथा धाराशिव, आणि पाचवा आला तर घरी. त्याच्या खाली सुधारलेला नियम होता: मेलेल्यास एक वाक्य माफ. एक प्रत त्यांनी टायरच्या दुकानात चिकटवली. महांतेशनं ती फाडली नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी सातला तोच मोटारसायकल घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. मीही स्टँडवर गेलो होतो. ब्रेक ड्रम त्यानं स्वतः बसमध्ये चढवून सीटखाली नीट ठेवला, खिडकीतनं डबा आत दिला.

"तिथं लई शिकवू नका, मावशी," तो म्हणाला.

"बघते," मावशी म्हणाल्या आणि डबा मांडीवर घेतला.